गेट पासला जीएसटी कशाला येतो?

परवा दुपारी जेवणं झाल्यावर, म्हणजे महाप्याच्या आमच्या ऑफिसात एसी फुल असूनही सगळ्यांचे डोळे मिटायला लागतात त्या वेळेला, टीममधला नवीन मुलगा खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, एक विचारू? गेट पासला जीएसटी कशाला येतो?" मला वाटलं अकाउंट्सचं काहीतरी असेल. म्हटलं, अरे गेट पासवर कुठे जीएसटी लागतो, इनव्हॉइसवर लागतो. तर म्हणे, "लागत नाही ते माहितेय, पण येतो." आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. त्याने गेट पासचं एक ऑब्जेक्ट बनवून त्याला 'कॅन' विचारलं होतं, बाबा रे तुला जीएसटी काढता येतो का, आणि पर्लने, म्हणजे आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो तिने, अगदी इमानदारीत हो म्हणून सांगितलं होतं. म्हणजे रिकामा कंटेनर यार्डातून बाहेर काढताना ट्रकवाल्याच्या हातात जो चिठोरा देतात, ज्याचं आयुष्य गेटपासून हायवेपर्यंत, त्या चिठोऱ्याला सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी तिन्ही येतात.

आम्ही दोघंही हसलो. तो जागेवर गेला, मी कामाला लागले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की न्हावा शेवाच्या आसपास, द्रोणागिरी-उरण साईडला, जे सीएफएसवाले, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनवाले, बंदराबाहेर कंटेनर ठेवायची यार्डं चालवणारे, आहेत त्यांच्या कागदांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. बंदराकडून, शिपिंग लाईनकडून मेसेज येतात, कोडेको (कंटेनर गेटमधून आत-बाहेर झाल्याचा मेसेज) वगैरे, दिसायला भयंकर असतात, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक अपॉस्ट्रॉफी आणि मधे अधिकची चिन्हं आणि कोलन यांची नुसती रांगोळी, नवीन माणूस बघून घाबरतो. असलं काहीतरी चिरायला पर्लसारखी दुसरी भाषा नाही असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाहीये. "अजून पर्ल?" असं विचारणारे भेटतात, कॉलेजच्या ग्रुपवर तर दर गेट-टुगेदरला. मी म्हणते हो, अजून पर्ल, १९८७ सालची भाषा आहे, माझ्या कित्येक नातेवाइकांपेक्षा जास्त उपयोगी पडलीये.

तर तो जीएसटी आला कुठून? बेसडॉक्युमेंटमधून. हा एक क्लास, म्हणजे ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात तो साचा, आणि आमच्याकडे या क्लासची एक वेगळीच इज्जत आहे. आमचे एक सिनियर सर होते, आता रिटायर होऊन कोकणात कलमं लावत बसलेत, त्यांनी तो लिहिला. तेव्हा सिस्टीममध्ये कागदच मोजके होते, गेट पास, डिलिव्हरी ऑर्डर, सर्व्हे रिपोर्ट, इनव्हॉइस, आणि सगळ्यांना नंबर लागतो, तारीख लागते, प्रिंट लागते, म्हणून सरांनी एक वरचा क्लास केला आणि बाकीच्यांना त्याच्या पोटी घातलं, म्हणजे वरच्याला जे येतं ते खालच्यांना वारशाने आपोआप येतं. बरोबरच केलं. मग कोणी म्हणालं एसएमएस पाहिजे, तो तिथेच गेला. ईमेल तिथेच, कंटेनर नंबरची तपासणी तिथेच. सर्व्हिस टॅक्स तर आधीपासूनच होता, मग १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, त्या जून महिन्यात सर रात्री-रात्री ऑफिसात असायचे, खाली टपरीवरचा चहा थर्मासमध्ये भरून आणायचा आणि कीबोर्डवर फरसाणचे कण, आणि त्या सगळ्या गडबडीत तीन नव्या मेथड, म्हणजे क्लासला येणारी कामं, जुन्या टॅक्सच्या जागी येऊन बसल्या. वेगळा विचार करायला वेळच कोणाला होता. आणि खरं सांगायचं तर त्याचा आरामच वाटायचा. नवीन कागद आला की फाईलच्या डोक्यावर 'यूज पेरेंट' अशी एक ओळ लिहायची, की प्रिंट आली, मेल आला, एसएमएस आला, सगळं घरबसल्या.

पर्लमध्ये हे प्रकरण आतून बघितलं तर इतकं साधं आहे की हसू येतं. प्रत्येक पॅकेजची, म्हणजे क्लासची, एक यादी असते, आयएसए नावाचा ॲरे, त्यात आई-बापांची नुसती नावं. मेथड स्वतःकडे नाही सापडली की पर्ल त्या यादीत जातो, पहिल्या नावाकडे बघतो, तिथे नसेल तर त्याच्याही वरच्याकडे, असं खोल खोल जात मग परत येऊन दुसऱ्या नावाकडे. यादीत दोन नावं असली आणि दोघांकडेही 'फॉरमॅट' नावाची मेथड असली तर डावीकडच्याची चालते, उजवीकडच्याची आहे हे कोणाला कळतही नाही. ना वॉर्निंग ना काही. त्यात दोघांचा आजोबा एकच निघाला की मग तर विचारूच नका. ही गुंतागुंत सोडवायला सी-थ्री नावाची पद्धत आली, पायथॉनने २.३ मध्ये घेतली, पर्लमध्ये ५.१० पासून मागितली तर मिळते, पण ती फक्त शोधायचा क्रम नीट लावते. गेट पासला जीएसटी का यावा याचं उत्तर तिच्याकडे नाही.

संध्याकाळी महाप्याहून शेअर रिक्षाने घणसोली, तिथून ठाण्याची गाडी. ट्रान्स हार्बरला त्या वेळी बसायला मिळालं तर लॉटरी, मी दाराजवळच्या पार्टिशनला टेकून उभी होते. ऐरोली गेलं, उजवीकडे पारसिकचा डोंगर काळा पडत चालला होता, कोणाच्या तरी पिशवीत मेथी होती तिचा वास, आणि माझ्या डोक्यात हेच चाललेलं, की एखाद्याला काही येत असेल तर ते त्याला जन्मानेच का यायला पाहिजे. आणि अचानक मला इंजेक्शनवाल्या काकू आठवल्या. किती वर्षांत आठवल्या नव्हत्या.

आम्ही लहानपणी नौपाड्यात चाळीत राहायचो. त्या चाळीत या काकू होत्या, डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, पोस्टात नोकरी करायच्या, पण कुठेतरी इंजेक्शन द्यायला शिकल्या होत्या आणि हात इतका हलका की डॉक्टरांनी कोर्स लिहून दिला की लोक दवाखान्यात न जाता काकूंना हाक मारायचे. काकूंची अट एकच. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, मग मी येते. काचेची सिरिंज त्या स्वतः आणायच्या, स्टीलच्या चपट्या डबीत, ती त्या पाण्यात सोडायच्या, सिरिंज पातेल्याच्या तळाशी खडखड वाजायची आणि तो आवाज आला की माझ्या पोटात गोळा यायचा. मग स्पिरिटचा थंडगार वास आणि "झालं झालं, बघ झालं पण." आमच्याकडे ॲल्युमिनियमचं पोचे आलेलं पातेलं, शेजारी पितळेचं, खालच्या खोलीत तर रॉकेलच्या स्टोव्हवर चहाचंच भांडं विसळून ठेवायचे. काकूंना त्याच्याशी काही घेणं-देणं नव्हतं. पाणी उकळलेलं पाहिजे, बस. नसेल तर दारातूनच परत, मग पेशंट कितीही कण्हत असो. आणि वरच्या मजल्यावरची मुलगी नर्सिंगला गेली तेव्हापासून त्यांच्या घरात काकूंना कोणी बोलवेना, घरातच माणूस होतं ना, तर काकूंना त्याचंही कधी वाईट वाटलं नाही.

काकूंना अवगत असलेली ती कला चाळीतल्या कुठल्याच घराच्या वंशावळीत नव्हती. तरी प्रत्येक घरात ती होती.

पर्लमध्ये रोल म्हणतात ते हेच. रोलचं ऑब्जेक्ट बनत नाही, त्याला स्वतःचं घर नाही. त्यात मेथड असतात आणि वर एक 'रिक्वायर्स' असतं, की मला घ्यायचं असेल तर तुझ्याकडे अमुक पाहिजे. क्लासने 'विथ' म्हणून रोल घेतला की त्या मेथड क्लासच्या स्वतःच्या असल्यासारख्या त्याच्यात येऊन बसतात, वरून मिळालेल्या मेथडपेक्षा त्यांचं चालतं, पण क्लासने स्वतः त्याच नावाची मेथड लिहिली असेल तर क्लासचं चालतं. आणि रोलने मागितलेलं क्लासकडे नसेल तर प्रोग्राम लोड होतानाच आडवा होतो. मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, कारण आमच्या धंद्यात जे फुटायचं ते सकाळी डिप्लॉय करताना फुटलेलं बरं, रात्री दोनला गेटवर ट्रकची लाईन लागलेली असताना नको.

ही कल्पना पर्लवाल्यांची नाही हेही सांगायला पाहिजे. एमआयटीच्या लिस्प मशीनवर, म्हणजे लिस्प या भाषेसाठीच बनवलेल्या कॉम्प्युटरवर, फ्लेवर्स नावाची एक ऑब्जेक्ट सिस्टीम होती, साधारण १९८० च्या आसपासची, तिथे मिक्सिन हा प्रकार आला आणि ते नाव आलं जवळच्या सॉमरव्हिल गावातल्या स्टीव्हज नावाच्या आइस्क्रीमच्या दुकानावरून, तिथे व्हॅनिलात वगैरे बिस्किटांचा चुरा, सुकामेवा असलं काही कालवून द्यायचे. (दर वेळी हे वाचलं की मला तलावपाळीवर आइस्क्रीम खायची इच्छा होते, असो.) पण मिक्सिनमध्येही शेवटी क्रमाचीच भानगड होती, कोण आधी कोण नंतर. मग २००३ मध्ये शेर्ली, द्युकास, निएरस्ट्राझ आणि ब्लॅक या चौघांनी ट्रेट्सचा, म्हणजे क्लासला जोडायच्या मेथडच्या सुट्या गठ्ठ्यांचा, पेपर लिहिला, स्मॉलटॉक या भाषेवर काम करून, आणि त्यात मुद्दा असा की जोडताना क्रमाला किंमतच नको, दोन ठिकाणांहून एकाच नावाची मेथड आली तर भाषेने गुपचूप निवडायचं नाही, जोडणाऱ्याने सांगायचं. तिथून ते पर्ल ६ च्या डिझाइनमध्ये गेलं, ज्याला आता राकू म्हणतात, आणि त्या पर्ल ६ ला प्रत्यक्ष चालवून बघणाऱ्या पग्ज प्रोजेक्टवर काम केलेल्या स्टीव्हन लिटलने २००६ मध्ये मूस नावाचं मॉड्यूल काढून पर्ल ५ च्या लोकांनाही ते दिलं. पीएचपीने २०१२ मध्ये ५.४ ला ट्रेट्स घेतले. पर्लच्या गाभ्यात मात्र २०२३ मध्ये ५.३८ ला 'क्लास' हा शब्द आला तेव्हाही त्याच्याबरोबर रोल आले नाहीत, त्यामुळे आमच्यासारख्यांना अजून सीपॅनवरचंच, म्हणजे पर्लवाल्यांच्या मॉड्यूलच्या सामायिक साठ्यातलंच, काही घ्यावं लागतं. आम्ही मू वापरतो, मूसचं हलकं भावंड, मूस नाही, कारण आमच्या स्क्रिप्ट क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, सारख्या चालू-बंद होतात आणि मूस लोड व्हायला जड आहे.

सगळ्यात आधी मी आणि त्या मुलाने कंटेनर नंबर काढला, कारण तो सगळ्यात स्वच्छ होता. कंटेनरच्या दारावर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो. तो चौकटीतला आकडा पहिल्या दहांवरून काढता येतो, आयएसओ ६३४६ मध्ये दिलंय कसं ते. ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, असं पुढे जायचं, ११, २२, ३३ गाळायचे, मग प्रत्येकाला जागेप्रमाणे १, २, ४, ८ असं दुपटीने गुणत ५१२ पर्यंत जायचं, बेरीज करून ११ ने भागायचं आणि बाकी काय उरते ते बघायचं, १० उरले तर शून्य धरायचं. सीएसक्यूयू ३०५४३८ घ्या, बेरीज येते ६१८५, अकराने भागलं की उरतात ३, आणि चौकटीतला आकडा ३ असेल तर नंबर बरोबर. गेटवरचा क्लार्क रात्री झोपेत एक आकडा चुकला तर हे बहुतेक वेळा पकडतं. आता या हिशोबाचा गेट पासशी काय संबंध, सर्व्हे रिपोर्टशी काय संबंध? काही नाही. त्याला फक्त एक नंबर पाहिजे. म्हणून रोलमध्ये 'रिक्वायर्स कंटेनर-नंबर' एवढीच ओळ, आणि खाली तपासणीची मेथड. डिलिव्हरी ऑर्डरमध्ये तो नंबर शिपिंग लाईनच्या मेसेजमधून येतो, सर्व्हे रिपोर्टमध्ये सर्व्हेअरच्या टॅबवरून, गेट पासमध्ये हाताने टाईप होतो. रोलला देणं-घेणं नाही.

पहिल्याच दिवशी तो वैतागून आला. "मॅडम, नंबर दिलाय तरी म्हणतो नाहीये." बघितलं तर त्याने फाईलमध्ये 'विथ' वर लिहिला होता आणि 'हॅज कंटेनर-नंबर' खाली. 'सब' या शब्दाने लिहिलेली मेथड कंपाईल होतानाच तयार असते, पण 'हॅज' ही चालताना, ओळीने ओळ, ॲक्सेसर, म्हणजे तो नंबर काढून देणारी मेथड, बनवते, त्यामुळे 'विथ' ज्या क्षणी तपासतो त्या क्षणी नंबर जन्मालाच आलेला नसतो. 'विथ' खाली नेला, चालू झालं. या गोष्टीचा पर्लवाल्यांना अभिमान वाटावा की लाज, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरी गंमत जास्त वाईट आहे. इनव्हॉइसला आम्ही दोन रोल दिले, एक पीडीएफ काढणारा आणि एक शिपिंग लाईनला डेटा पाठवणारा, आणि दोघांतही 'फॉरमॅट' नावाची मेथड. एकाच 'विथ'मध्ये दोन्ही नावं लिहिली तर मू ओरडतो, की या दोघांत भांडण आहे, ही मेथड क्लासने स्वतः लिहा. मूसमध्ये तर एकाची मेथड वगळायची किंवा तिला दुसरं नाव द्यायची पण सोय आहे. उत्तम. पण तेच दोन रोल दोन वेगळ्या ओळींवर 'विथ' 'विथ' करून घेतले तर गुपचूप पहिल्याची मेथड राहते, कारण दुसरा येईपर्यंत पहिल्याची मेथड क्लासची झालेली असते. आणि हे डॉक्युमेंटेशनमध्ये सोय म्हणून सांगितलंय! म्हणजे ज्या गुपचूपपणाला कंटाळून ट्रेट्सवाल्यांनी एवढा पेपर लिहिला तो मागच्या दाराने परत आत. आमच्याकडे मी नियमच केलाय, एका क्लासमध्ये एकच 'विथ'. मुलगा म्हणतो ओळ लांब होते. होऊ दे लांब.

तरी एक सांगते, मला रोलचं वेड लागलेलं नाही. सरांचा बेसडॉक्युमेंट कितीही फुगलेला असला तरी तो एका फाईलमध्ये होता, रात्री काही मोडलं तर ती एक फाईल उघडायची, कुठे ना कुठे सापडायचंच. रोल वाढले की क्लासच्या फाईलमध्ये काहीच दिसत नाही, नुसती वर नावांची माळ आणि खाली शांतता, आणि ही मेथड आली कुठून म्हणून सगळ्या फाईलींत शोधत, ग्रेप करत बसायचं. त्यात आमचे रोल स्वतःचे ॲट्रिब्यूटही आणू शकतात, मूळ ट्रेट्समध्ये ते नव्हतं, तिथे फक्त वागणूक, साठवण नाही, आणि मला वाटतं ते जास्त शहाणपणाचं होतं. एका रोलने 'स्टेटस' ठेवला आणि तो कोणाचा स्टेटस, मेलचा की कागदाचा, हे लिहिणाऱ्यालाच आठवेना असं आमच्याकडे होऊन गेलंय. सर्व्हे रिपोर्टला अजूनही वारशानेच मिळालेल्या काही गोष्टी आहेत, नंबर आणि तारीख, आणि त्या तशाच राहू देत, कारण सर्व्हे रिपोर्ट हा खरोखरच एक कागद आहे.

जीएसटी मात्र बाहेर पडला. आता तो इनव्हॉइसकडे आणि क्रेडिट नोटकडे आहे, आणि गेट पासला 'कॅन' विचारलं की काही येत नाही म्हणतो. मी सरांना फोन करून सांगितलं, म्हटलं सर तुमचा जीएसटी हलवला. म्हणाले, "हलवा हलवा, मी काय जन्मभर पुरणार होतो होय," आणि लगेच यंदा मोहोर कसा जळला यावर गेले. आवाजात जरा काहीतरी होतं, किंवा मलाच वाटलं असेल.

आता प्रिंट राहिलीये आणि ती सरळ निघेल असं दिसत नाही. गेटवर अजून डॉट मॅट्रिक्स आहे, कार्बनची तिहेरी कॉपी, करकर आवाज करत गेट पास बाहेर येतो, तिथे ओळीला ८० अक्षरांचा हिशोब. ऑफिसात पीडीएफ. मुलाने 'प्रिंटेबल' म्हणून एक रोल काढलाय, नावावरून आमचं आधीच वाजलंय, मला ही एबलवाली नावं आवडत नाहीत, पण ते सोडा, त्याच्या 'रिक्वायर्स'ची यादी बघितली तर त्यात कागदाचा नंबर, तारीख, पार्टीचं नाव, रुंदी, कॉपी किती, हेडर, फुटर, प्रिंटर कुठला, सगळंच. मी त्याला रिव्ह्यूत लिहिलं की एवढं मागणारा रोल म्हणजे बेसडॉक्युमेंटच, फक्त नवीन कपड्यात, याचे दोन तुकडे कर, ओळी जुळवणारा वेगळा आणि प्रिंटरशी बोलणारा वेगळा. त्याचं म्हणणं, डॉट मॅट्रिक्सवर ओळ जुळवणं आणि प्रिंटरशी बोलणं हे वेगळं करताच येत नाही, एस्केप कोड, म्हणजे प्रिंटरला द्यायच्या सूचना, ओळीच्या मधेच येतात. त्यात तथ्य आहे. उद्या आम्ही दोघं द्रोणागिरीला जाऊन तो प्रिंटर चालताना बघणार आहोत, नंतर ठरवू.